पिंपलची गोळी आणि बेडकाचे पाय

गालावरची पुळी घालवणारी एक गोळी आणि पोटातल्या बाळाचे हात, पाय, कान, हृदय... यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे. त्याचं नाव व्हिटॅमिन ए!

ऑफिसात पिंपल हा खासगी विषय कधीच नसतो. सोमवारी सकाळी हनुवटीवर लालबुंद पाहुणा घेऊन तुम्ही शिरलात की दुपारचा डबा उघडेपर्यंत चार सल्ले जमा झालेले असतात. एकीची आई मुलतानी माती सांगते. दुसरी म्हणते, पाणी पी. तिसरा ‘स्ट्रेस आहे गं, दोन दिवस लीव्ह टाक’ असं सांगून मोकळा होतो. आणि चौथी, जिचं लग्न गेल्याच डिसेंबरात झालं आणि जिच्या अल्बममधली स्किन बघून अख्ख्या टीमने सुस्कारे सोडले होते, ती हळूच ड्रॉवर उघडते. ‘माझ्या दहा गोळ्या उरल्यात. घे तू. जादू आहे नुसती!’

जादू आहे, यात खोटं काही नाही. आयसोट्रेटिनॉइन हे त्या गोळीतल्या औषधाचं नाव. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी ते अक्षरशः आक्रसून टाकतं. कशालाच दाद न देणारे, खड्डे पाडून जाणारे मोठमोठे पिंपल्स चार-सहा महिन्यांत आटोक्यात आणणारं याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. वर्षानुवर्षं मान खाली घालून बोलणारी मुलं-मुली या गोळीनंतर समोर बघून बोलायला लागतात, हेही तितकंच खरं.

मग ड्रॉवरमधली ती उरलेली स्ट्रिप घ्यायला हरकत काय?

‘मी अनमॅरिड आहे हो!’

मला ही गोळी रीतसर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळाली. पण चिठ्ठी मिळण्याआधी डॉक्टरांनी चेहऱ्याकडे कमी आणि कॅलेंडरकडे जास्त पाहिलं. शेवटची पाळी कधी आली? प्रेग्नन्सी टेस्ट करून रिपोर्ट आण. गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर आणखी एक महिना दिवस जाता कामा नयेत, हे वाचून इथे सही कर.

‘डॉक्टर, मी अनमॅरिड आहे,’ मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

‘हे बघ, मी तुला लग्नाबद्दल विचारत नाहीये. तारखांबद्दल विचारतेय. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला विचारते,’ त्या शांतपणे म्हणाल्या.

सही करून मी बाहेर पडले खरी, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. पिंपलच्या गोळीला माझ्या तारखांशी एवढं काय देणंघेणं? उत्तर शोधायला बसले आणि टेक्सासमधली डुकरं, लंडनमधली कोंबडीची अंडी असं करत थेट भुवनेश्वरच्या बेडकांपर्यंत जाऊन पोचले. वाटेत जे हाती लागलं ते इतकं भन्नाट होतं, आणि आपल्यासारख्यांच्या इतकं कामाचं, की एकटीने ठेवून घेणं बरं दिसेना.

गाजराचं चुलत भावंडं

शाळेत आपण शिकलो ते एवढंच : ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांना चांगलं, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून गाजर खा. चूक काहीच नाही. पण व्हिटॅमिन ए म्हणजे एकटा माणूस नव्हे, ते एक कुटुंब आहे. शरीर ज्या रूपात ते साठवतं आणि इकडून तिकडे नेतं ते रेटिनॉल. डोळ्यात कामाला येतं ते रेटिनाल. आणि पेशींना ऑर्डर सोडतं ते रेटिनॉइक अ‍ॅसिड. पिंपलच्या गोळीतलं आयसोट्रेटिनॉइन हे या शेवटच्या मंडळींपैकी. रेटिनॉइक अ‍ॅसिडचंच थोडं वेगळ्या घडणीचं रूप.

ऑर्डर सोडतं म्हणजे काय? रेटिनॉइक अ‍ॅसिड पेशीच्या केंद्रकात जातं, तिथे बसलेल्या एका रिसेप्टरला चिकटतं आणि काही जीन्स चालू करतं, काही बंद. हे रिसेप्टर १९८७ मध्ये सापडले. मोठ्या माणसाच्या त्वचेत या बटणांची उघडझाप झाली की तेल कमी होतं, पुळ्या जातात. पण जिथे शरीर अजून बनायचंच आहे, तिथे हीच बटणं ठरवतात की कुठल्या पेशीने काय व्हायचं.

अति तेथे माती, आणि कमी तिथेही

टेक्सासमध्ये १९३३ साली फ्रेड हेल नावाच्या संशोधकाने एक विचित्र गोष्ट नोंदवली. व्हिटॅमिन ए जवळजवळ नसलेल्या खाद्यावर ठेवलेल्या एका डुकरिणीला अकरा पिल्लं झाली. अकराच्या अकरा पिल्लांना डोळ्यांची बुबुळं तर सोडाच, डोळेच नव्हते! पुढे आहार सुधारल्यावर तसली पिल्लं जन्मली नाहीत. आईच्या आहारात एक घटक कमी पडला म्हणून बाळात व्यंग येऊ शकतं, हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. त्याआधी असा दोष सरसकट आनुवंशिकतेच्या माथी मारला जाई.

मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्याच सिडनी कोलान यांनी नाण्याची दुसरी बाजू दाखवली. गाभण उंदरिणींना त्यांनी व्हिटॅमिन ए भरपूर, फारच भरपूर दिलं. पिल्लांमध्ये पुन्हा व्यंगं. म्हणजे कमी पडलं तरी घोटाळा, जास्त झालं तरी घोटाळा. आमटीतल्या मिठासारखं. फरक इतकाच की आमटी खारट झाली तर पाणी घालून सावरता येते.

सहा बोटांचा पंख

आता हातापायांकडे वळू. कारण व्हिटॅमिन ए नेमकं काय करतं, हे शास्त्रज्ञांना हातापायांनीच सगळ्यात छान दाखवलं.

कोंबडीच्या अंड्यात पंखाची सुरुवात एका बारीकशा कोंबापासून होते. अगदी झाडाला फुटावा तसा. त्या कोंबाच्या मागच्या कडेला पेशींचा एक छोटा पट्टा असतो. कुठलं बोट कुठे यायचं, हे तिथून ठरतं. हा पट्टा काढून कोंबाच्या पुढच्या कडेलाही लावला की पंखाला आरशात दिसावी तशी जादा बोटं येतात, हे १९६०च्या दशकात कळलेलं होतं. १९८२ मध्ये लंडनमध्ये चेरिल टिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींचा पट्टा न वापरता रेटिनॉइक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला एक इवलासा तुकडा त्या पुढच्या कडेला ठेवला. निकाल तोच! तीनऐवजी सहा बोटं, दोन्ही बाजूंनी एकमेकांची प्रतिबिंबं असल्यासारखी.

एक साधं रसायन कोंबाला सांगू शकत होतं, ‘करंगळीची बाजू इकडे.’ १९९३ मध्ये त्या पट्ट्यातून निघणारा खरा निरोप्याही सापडला. एका व्हिडीओ गेमच्या हिरोवरून त्याचं नाव पडलं ‘सॉनिक हेजहॉग’. (होय, शास्त्रज्ञही गेम खेळणाऱ्यांच्याच घरात राहतात!) नको तिथे रेटिनॉइक अ‍ॅसिड ठेवलं की नको तिथे हा निरोप्या जागा होतो आणि बोटांची रांग दोनदा लागते.

म्हणूनच वाढता गर्भ या रसायनाच्या बाबतीत कमालीचा कंजूष असतो. हव्या त्या जागी ते तयार करायचं आणि नको त्या जागी लगेच मोडून टाकायचं, अशी दुहेरी व्यवस्था तिथे असते. हातापायांच्या कोंबात ते मोडणारं एक खास एन्झाइम आहे. ज्या उंदरांमध्ये ते एन्झाइमच नाही, त्यांचे पाय खुरटे, अर्धवट राहतात. बाहेरून मोठा डोस आला की ही सगळी काटेकोर व्यवस्था वाहून जाते.

शेपटीच्या जागी पाय

या गोष्टीत आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्यालाच फारसा ठाऊक नाही. बेडकाची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे टॅडपोल, तुटलेला अवयव पुन्हा वाढवू शकतात. जयपूरचे नियाझी आणि सक्सेना यांनी १९७८ मध्ये दाखवलं की तुटलेला पाय पुन्हा वाढत असताना पाण्यात जादा व्हिटॅमिन ए असेल, तर तो पाय भलताच वाढतो. चार वर्षांनी लंडनमध्ये माल्कम मेडन यांनी अ‍ॅक्सोलोटल या प्राण्यावर हेच आणखी नेमकेपणाने मांडलं. पंजा मनगटापाशी कापला, तर एरवी फक्त पंजा उगवतो. व्हिटॅमिन ए वाढवत नेलं, तर मनगटातून पूर्ण नवा हात उगवतो, वरपासून खालपर्यंत. जणू त्या पेशी विसरल्याच की आपण मनगटात आहोत. त्यांना वाटतं, आपण खांद्यात आहोत.

आणि मग १९९२. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यासारख्या टम्म फुगणाऱ्या एका बेडकाची पिल्लं घेतली. त्यांच्या शेपट्या कापल्या आणि त्यांना व्हिटॅमिन ए दिलं. शेपटीच्या जागी शेपटी यायला हवी होती. आले पाय! ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत खळबळ उडाली. एका जागचा अवयव दुसऱ्याच जागी, तोही एका जीवनसत्त्वामुळे. (या बाई ओडिसी नृत्यातलंही मोठं नाव. त्यांना पद्मश्रीही मिळाली.)

मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या डॉक्टरांचा कॅलेंडरचा हट्ट पहिल्यांदा नीट कळला. व्हिटॅमिन एची ही भावंडं पेशींना त्यांचा पत्ता सांगतात. तू मनगट, तू खांदा, तू शेपटी. आणि पोटातल्या बाळाच्या पेशी तर आपला पत्ता शोधतच निघालेल्या असतात. नेमक्या त्याच वेळी आईच्या रक्तातून चुकीच्या पत्त्यांचा भडिमार झाला तर?

माणसांत काय झालं

अमेरिकेत १९८२ मध्ये पिंपल्ससाठी ही गोळी बाजारात आली. गरोदर बायकांनी ती घेऊ नये, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे आधीच माहीत होतं आणि तसं लिहिलेलंही होतं. तरी १९८३ मध्येच व्यंग असलेल्या बाळांच्या बातम्या यायला लागल्या. १९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी गोळीच्या संपर्कात आलेल्या १५४ गर्भारपणांचा आढावा छापला. त्यातल्या ९५ जणींनी गर्भपात करून घेतला होता, १२ जणींचा आपोआप झाला, २१ बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि २६ बाळांत मोठं व्यंग नव्हतं.

इथे एक गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. प्राण्यांत हातपाय बिघडले, म्हणून माणसांतही मुख्य फटका हातापायांनाच बसेल असं वाटेल. तसं झालं नाही. या बाळांचे कान अगदी छोटे होते किंवा नव्हतेच, जबडा बारीक, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची जोडणी चुकलेली, मेंदूत दोष. कारण असं की चेहरा, कान आणि हृदयाचा तो भाग घडवणाऱ्या बऱ्याच पेशी मेंदू-मज्जारज्जूच्या कडेवरून निघून लांबचा प्रवास करत आपापल्या जागी पोचतात. त्या प्रवासी पेशींवर या औषधाचा घाव सगळ्यात जास्त बसतो. आणि काही मुलं दिसायला अगदी ठीक होती, पण मोठी होताना अभ्यासात, समजेत मागे पडली. ते कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

कॅलेंडर उघडा

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं घडतं केव्हा?

समजा, तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते. ज्या दिवशी ती चुकते, त्या दिवशी (दिवस गेलेच असतील तर) गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. आपण काय म्हणतो? ‘रिलीज होतं, जागरणं झाली, म्हणून लेट.’ आठवडा जातो. गर्भ एकवीस-बावीस दिवसांचा. हृदयाचे ठोके सुरू! आपण मैत्रिणीला फोन करतो, ती म्हणते, ‘अजून चार दिवस बघ.’ सव्विसाव्या दिवसाच्या आसपास हाताचा कोंब फुटतो, दोन-एक दिवसांनी पायाचा. आपण शेवटी केमिस्टकडे जाऊन किट आणतो, तेव्हा चेहरा, कान, हृदय यांची मुख्य मांडणी चालू झालेली असते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस तर बोटंही सुटी होतात.

थोडक्यात, ‘दिवस गेले तर गोळी लगेच बंद करीन’ या हिशेबाला अर्थ नाही. बातमी कळते, तेव्हा नाजूक काळ अर्धा सरलेला असतो. म्हणून टेस्ट आधी, गोळी नंतर. म्हणून माझ्या डॉक्टरांचा प्रश्न लग्नाचा नव्हता, तारखांचा होता.

अमेरिकेत यासाठी २००६ पासून सक्तीची नोंदणी आहे. ज्यांना दिवस जाऊ शकतात त्यांनी आधी टेस्ट, दर महिन्याला टेस्ट, संबंध असतील तर गर्भनिरोधनाचे दोन उपाय एकाच वेळी, आणि एका वेळी एकाच महिन्याच्या गोळ्या. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, असा नियम आहे. पण ड्रॉवरमधल्या स्ट्रिपला कोण चिठ्ठी विचारतं?

लक्षात ठेवाच

उरलेली गोळी वाटू नका, मागू नका. ज्या मैत्रिणीला तुम्ही प्रेमाने देताय, तिच्या तारखा तुम्हाला माहीत नसतात. कदाचित तिलाही नसतात.

बंद केल्यावर एक महिना थांबा. हे औषध शरीरातून तसं लवकर निघून जातं. महिनाभरानंतर बाळाचा विचार करायला या गोळीची आडकाठी नाही.

सोरायसिसचं औषध वेगळं. त्यासाठी देतात ते अ‍ॅसिट्रेटिन याच घराण्यातलं, पण फार चिवट. त्यानंतर तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. आणि ते चालू असताना दारू घेतली, तर शरीरात त्याचंच आणखी जास्त काळ टिकणारं रूप तयार होतं. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी गोळ्या चालू असताना आणि नंतरचे दोन महिने दारूला हात लावायचा नाही. फ्रायडे नाइटवाल्यांनी हे दोनदा वाचा.

मुलांनो, तुम्हीही. तुम्ही आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर तुमच्यामुळे होणाऱ्या बाळाला धोका असल्याचं दिसलेलं नाही. पण रक्तदान करू नका, गोळी बंद केल्यावर महिनाभर नाहीच. ऑफिसातल्या कॅम्पमध्ये दिलेली तुमची बाटली एखाद्या गरोदर बाईला चढू शकते.

क्रीम आणि सीरम. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, हीसुद्धा याच खानदानातली. त्वचेतून रक्तात फारच थोडं जातं. तरी बाळाचं प्लॅनिंग चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर ती बाजूला ठेवा, असंच डॉक्टर सांगतात. चार-सहा महिने सुरकुतीने वाट बघितली तर काही बिघडत नाही.

मग गाजराचं काय?

गाजर खा हो, बिनधास्त! गाजर, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांत असतं ते बीटा-कॅरोटीन. त्यातून शरीर लागेल तेवढंच व्हिटॅमिन ए बनवतं, जास्तीचं बनवत नाही. गाजर-हलव्याने कुणाच्या बाळाला व्यंग आलेलं नाही, वजनाचं मात्र ज्याचं त्याने बघावं.

जपायचं ते तयार व्हिटॅमिन ए. ते असतं कलेजीत, कॉड लिव्हर ऑइलमध्ये आणि ‘हेअर-स्किन-नेल्स’ असं काहीतरी चकचकीत लिहिलेल्या डब्यांत. गरोदरपणात रोज ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० युनिट, ही वरची मर्यादा मानतात. १९९५ मध्ये अमेरिकेत २२,७४८ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत असा अंदाज निघाला की सप्लिमेंटमधून रोज याहून जास्त घेणाऱ्यांमध्ये ५७ बाळांमागे एकाला त्यापायी व्यंग आलं असावं. ब्रिटनमध्ये तर गरोदर बायकांना कलेजी खाऊच नका, असं सांगतात. तेव्हा डोहाळे कितीही कडक लागले तरी रविवारची कलेजी फ्राय बाकीच्यांना खाऊ द्या. आणि दोन-तीन डबे एकदम घेत असाल, तर मागच्या बाजूचे आकडे बेरीज करून बघा.

पण हे वाचून कुणी व्हिटॅमिन एलाच व्हिलन ठरवू नका. टेक्सासची डुकरं आठवा. ते कमी पडलं तरी बाळाचं नुकसानच. आपल्या देशात लहान मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस पाजतात, ते डोळे आणि जीव वाचावेत म्हणूनच. सगळा खेळ मापाचा आणि वेळेचा आहे.

झालंच तर?

गोळी चालू असतानाच पाळी चुकली तर? गोळी त्या क्षणी थांबवा. आधी घाबरून नेटवरचे फोटो बघत बसू नका. त्याच दिवशी टेस्ट करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा. नाव, डोस, तारखा, सगळं स्पष्ट सांगा. धोका मोठा आहे, पण प्रत्येक बाळात व्यंग येतंच असं नाही. लॅमर यांच्याच अभ्यासात ज्या ३६ जणींवर परिणाम कळायच्या आधीपासून लक्ष ठेवलं होतं, त्यांतल्या २३ जणींच्या बाळांत मोठं व्यंग नव्हतं. आठ जणींचा गर्भपात झाला, पाच बाळांत व्यंग होतं. पुढे काय करायचं, हा निर्णय त्या बाईचा. आणि तो घ्यायला जितके जास्त दिवस हातात असतील, तितकं बरं. लग्न झालंय की नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारला तर डॉक्टर बदला.

माझा कोर्स सहा महिन्यांनी संपला. शेवटच्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या उरल्या होत्या. ऑफिसातल्या एका ज्युनिअरने विचारलंच, ‘तायडे, उरल्यात का गं तुझ्या?’ मी तिला माझ्या डॉक्टरांचा नंबर दिला. आधी तिने तोंड वाकडं केलं. मग चहा पिता पिता तिला बेडकाची गोष्ट सांगितली, शेपटीच्या जागी पाय वाली. दुसऱ्या दिवशी तिने अपॉइंटमेंट घेतली.